ओवीचा गळा

‘मानसोल्लास’ हा ११२९च्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ. कर्ता कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. त्याची राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूरकडच्या निलंग्याचा शेजार. कोणत्या प्रसंगी काय गावे हे सांगताना तो महाराष्ट्रातील बायकांच्या ओवीची नोंद करतो आणि प्रसंग देतो ‘कंडन’. या शब्दापाशी मी बराच काळ थांबलो. कंडन म्हणजे कांडण, उखळ-मुसळ. आज ओवी म्हटले की आठवते ते जाते त्या ओळीत नाहीच.

फरक लहान नाही. मुसळ उचलायचे, सोडायचे. दर घावाला श्वास तुटतो. जाते मात्र फिरतच राहते. खुंट्यावर दोघींचे हात, मधूनच एकीने मूठभर जोंधळे सोडायचे, आणि सूर लांबत जातो. बाराव्या शतकातली चाल तुटक ठेक्याची असावी, असे म्हणूनच वाटते. हा माझा तर्क. सोमेश्वराच्या ओळीत स्वर नाहीत.

पुढच्या शतकात, सिंघण यादवाच्या राज्यात (१२१० ते १२४७), शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ येतो. त्यातली ओवी देशभाषेतली: यमकाचे तीन खंड, शेवटी ‘ओवी’ हा शब्द. ज्ञानेश्वरीच्या साडेतीन चरणांची ही जवळची नातलग. बायकांची ओवी दोन ओळींची. तिचा माग इथे लागत नाही.

माझ्यासमोरचा आवाजी पुरावा एकदम १९९०च्या दशकातला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. त्यात माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली घेतलेल्या बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. कागदावर दोन ओळी दिसतात. गाताना अर्धी ओळ परत येते, मध्येच ‘गं बाई’ शिरते, आणि चाल त्या शिरकावातच वळण घेते. छापताना हेच शब्द गाळले जातात. म्हणजे चालीचा पुरावा नेमका तिथेच पुसला जातो.

चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. गळा गावाचा की बाईचा? सून नांदायला येताना माहेरचा गळा घेऊन यायची आणि सासूच्या जात्यावर समोर बसायची. चालीतले फरक नकाशावर तालुक्यांच्या सीमांनी न पडता लग्नाच्या वाटांनी पडले असतील, असे अनुमान निघते. निलंग्याकडे कोणी आजी गाऊ लागली, तर आधी माहेर विचारावे आणि मग ओवी उतरवावी, ‘गं बाई’सकट.