चेकबॉक्स (डेस्कटॉप प्रोग्रॅमिंग)

चेकबॉक्स : पडद्यावरचा छोटा चौकोन आणि त्याला लागून असलेला मजकूर मिळून होणारा कंट्रोल. त्यावर क्लिक केले किंवा स्पेसबार दाबला की खूण उमटते, पुन्हा तेच केले की पुसली जाते. शेजारच्या चेकबॉक्सशी त्याचे देणेघेणे नसते. दहापैकी दहा भरता येतात आणि एकही न भरता पुढे जाता येते. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला बटण आणि टेक्स्टबॉक्सनंतर बहुधा हाच कंट्रोल भेटतो. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक पदविकेत २०१७ च्या ‘आय’ स्कीमने चौथ्या सत्राला व्हीबी डॉट नेटचा विषय ठेवला, तेव्हा हजारो पोरांची चेकबॉक्सशी ओळख तिथेच झाली. जर्नलमधले उदाहरण ठरलेले असते : छंद निवडा, क्रिकेट, संगीत, वाचन. तीन खुणा, एक मेसेजबॉक्स, प्रात्यक्षिकावर सही. कुणाच्या पगारातून पैसे कापायचे असतात तेव्हा मात्र हाच चौकोन वेगळे वागू लागतो.

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडवर सुमारे ३० किलोमीटरवर बुटीबोरीची एमआयडीसी आहे. पॉलिस्टर धाग्यापासून टायरपर्यंतचे कारखाने इथे आहेत आणि कारखान्यांना माणसे पुरवणारे लेबर कॉन्ट्रॅक्टरही. मस्टरवरून हजेरी, हजेरीवरून पगारपत्रक हे त्यांच्या ऑफिसांचे महिनाअखेरीचे काम. अशा ऑफिससाठी कुणी नवशिक्याने कामगार-नोंदणीचा फॉर्म करायला घेतला असे धरू. पहिल्या मसुद्यात तो हमखास तीन चौकटी ठेवतो : पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर. दिसायला तिन्ही सारख्या. पण यांतली एक मुळात नकोच, एक अर्धवट हवी आणि तिसरीला दोन अवस्था पुरत नाहीत.

व्यवसाय कराची चौकट काढून टाकावी. महाराष्ट्रात पुरुष कामगाराचा पगार महिना १०,००० रुपयांच्या वर गेला की दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. ७,५०१ ते १०,००० पर्यंत १७५. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत हा कर नाही. पगार आणि लिंग हे दोन्ही रकाने फॉर्मवर आधीच आहेत. जे हिशेबाने निघते ते क्लार्कला विचारायचे कशाला? विचारले की कधीतरी खूण राहून जाते. विचारायचेच तर ‘दिव्यांग प्रमाणपत्र सादर केले आहे’ हे विचारावे, कारण त्याने करातून सूट मिळू शकते आणि ते प्रमाणपत्र फक्त क्लार्कने पाहिलेले असते.

ईएसआयचे प्रकरण अवघड आहे. पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. पगार २०,००० असेल तर कामगाराचे १५० आणि मालकाचे ६५० रुपये. इतके कळल्यावर नवशिका चौकट काढतो, ‘पगार २१,००० पर्यंत असेल तर’ अशी अट लिहितो आणि इथेच फसतो. वर्गणीचे काळ दोन आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. जूनमध्ये पगारवाढ होऊन कामगार मर्यादेच्या वर गेला तरी सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी कापावीच लागते. म्हणून इथे चेकबॉक्स हवा, पण ‘या वर्गणी-काळात ईएसआय लागू’ असा. त्याची खूण काळाच्या सुरुवातीला प्रोग्रॅमने ठरवावी, नवा कामगार आला तर त्याच्या रुजू होण्याच्या दिवशी. पडद्यावर ती दिसावी, पण बदलता येऊ नये. विंडोज फॉर्म्समध्ये त्यासाठी ‘एनेबल्ड’ किंवा ‘ऑटोचेक’ हा गुणधर्म ‘फॉल्स’ करतात. ‘एनेबल्ड’ बंद केला तर मजकूर फिका पडतो. ‘ऑटोचेक’ बंद केला तर मजकूर ठळक राहतो आणि क्लिक केले तरी खूण हलत नाही. पुष्कळ क्लार्क फिक्या अक्षरांना ‘प्रोग्रॅम बिघडला’ असे समजतात, त्यामुळे दुसरा मार्ग बरा.

पीएफची चौकट खरोखर विचारण्याची आहे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपयांपर्यंत असेल तर सदस्यत्व सक्तीचे. ही मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याहून जास्त पगारावर नव्याने लागलेला आणि पूर्वी कधी सदस्य नसलेला माणूस बाहेर राहू शकतो. तो पूर्वी सदस्य होता का, हे फॉर्म ११ वरच्या त्याच्या घोषणेवरून कळते. आता कामगार सोमवारी रुजू झाला आणि फॉर्म ११ गुरुवारी आला, तर मधल्या तीन दिवसांत चौकटीत काय दिसावे? रिकामी ठेवली तर ‘नाही’ असा अर्थ होतो, भरली तर ‘हो’. ‘अजून माहीत नाही’ यासाठी तिसरी अवस्था लागते.

विंडोज फॉर्म्समध्ये ‘थ्रीस्टेट’ हा गुणधर्म ‘ट्रू’ केला की ती मिळते. मग खूण, रिकामे आणि धूसर अशा तीन अवस्था क्लिकसरशी फिरत राहतात. खाच अशी की ‘चेक्ड’ हा नेहमीचा गुणधर्म धूसर अवस्थेतही ‘ट्रू’ हेच उत्तर देतो. ज्याने ‘चेक्ड’ वाचून पीएफ कापला, त्याने फॉर्म ११ न आलेल्या सगळ्यांचा पीएफ कापला. वाचायचा तो ‘चेकस्टेट’ : रिकाम्याला ०, खुणेला १, धूसरला २. डब्ल्यूपीएफमध्ये हीच तिसरी अवस्था ‘नल’ म्हणून येते, त्यामुळे डेटाबेसच्या रिकाम्या रकान्याशी ती सरळ जुळते.

जुन्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये याहून छुपा सापळा होता. १९९८ ची ही आवृत्ती छोट्या ऑफिसांच्या हिशेबी प्रोग्रॅमांत वर्षानुवर्षे चालली. तिथे खूण असली की ‘व्हॅल्यू’ १ असते, पण ‘ट्रू’ची किंमत उणे १. त्यामुळे ‘इफ चेक१.व्हॅल्यू = ट्रू’ ही ओळ वाचायला निर्दोष, चालवली तर कधीच खरी न होणारी. एररही येत नाही.

दुसरा घोळ घटनेचा, म्हणजे ईव्हेंटचा. ‘चेक्डचेंज्ड’ ही घटना माणसाने क्लिक केल्यावर घडते, तशी प्रोग्रॅमने स्वतः खूण बदलल्यावरही घडते. खूण बदलली की लगेच रेकॉर्ड सेव्ह करायचे असे कोणी लिहून ठेवले असेल, तर पुढच्या कामगाराची माहिती फॉर्मवर भरताना मधेच सेव्ह होते. नाव नव्या माणसाचे आणि टेक्स्टबॉक्समधला पगार अजून आधीच्याचा. उपाय साधा आहे. माहिती भरायला लागण्यापूर्वी ‘भरणे चालू’ असा एक बूलियन ‘ट्रू’ करायचा, घटनेच्या पहिल्या ओळीत तो तपासून परत फिरायचे आणि भरून झाले की ‘फॉल्स’. जावाच्या स्विंगमध्ये हा भेद आधीच केलेला आहे : ‘सेटसिलेक्टेड’ने ॲक्शन ईव्हेंट होत नाही, आयटम ईव्हेंट मात्र होतो.

शिफ्टसाठी चेकबॉक्स वापरू नये. कामगार एका दिवशी पहिल्या, दुसऱ्या किंवा रात्रपाळीतल्या एकाच शिफ्टला असतो. तिथे रेडिओ बटणच हवे. दुचाकी, कॅन्टीन, बस अशा सुविधांची यादी मात्र चेकबॉक्सचीच, आणि ती लांबली तर ‘चेक्डलिस्टबॉक्स’ घ्यावा. त्याच्याही दोन खोडी आहेत. ‘चेकऑनक्लिक’ मुळात बंद असतो, त्यामुळे पहिल्या क्लिकला ओळ निवडली जाते आणि खूण दुसऱ्या क्लिकला होते. शिवाय ‘आयटमचेक’ ही घटना खूण बदलण्याच्या आधी घडते. तिच्यात यादी मोजली तर आकडा जुनाच येतो. नवी अवस्था घटनेसोबत आलेल्या ‘न्यूव्हॅल्यू’मध्ये असते.

चौकोनात काय दिसावे यावरही मते बदलली. १९८४ च्या मॅकिन्टॉशवर आणि विंडोज ३.१ वर निवडलेल्या चौकोनात फुली येई. गुरुजींच्या लाल फुलीवर वाढलेल्या माणसाला हे उलटेच वाटणार. विंडोज ९५ ने फुली काढून बरोबरची खूण आणली. ॲपलनेही पुढे तेच केले.

मराठी मजकुराची कथा निराळी. व्हिज्युअल बेसिक ६ चे कंट्रोल युनिकोड दाखवत नव्हते. ‘पीएफ लागू’ लिहिले की प्रश्नचिन्हांची रांग दिसे. म्हणून तेव्हाचे मराठी फॉर्म श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांवर चालत, आणि फॉन्ट नसलेल्या संगणकावर सगळी अक्षरे गिचमिड होत. डॉट नेटमध्ये ही अडचण गेली. उंचीची राहिली. मंगल फॉन्टच्या ओळीला इंग्रजी अक्षरांपेक्षा जास्त उंची लागते. ‘ऑटोसाइज’ बंद असेल तर वरच्या वेलांट्या नाही तर खालचे उकार कापले जातात आणि ‘सुट्टी’ची ‘सट्टी’ होते. निर्मला युआय हा फॉन्ट विंडोज ८ पासून सोबत येतो, तो वापरावा आणि ‘ऑटोसाइज’ चालू ठेवावा. मजकूर होकारार्थी असावा. ‘ओव्हरटाइम देऊ नये’ या चौकटीतली खूण काढली की ओव्हरटाइम मिळतो, हे समजायला क्लार्कला दोनदा वाचावे लागते.

नागपूरच्या अकाउंटंटांचा हात ज्या टॅलीवर बसलेला असतो, तिच्यात अशा निवडीसाठी चौकट नसतेच. ‘येस’ किंवा ‘नो’ टाइप करायचे. कीबोर्डवरून हात न उचलणाऱ्यांना ते सोयीचे पडते. त्यांच्यासाठी चेकबॉक्स ठेवायचा तर टॅबचा क्रम नीट लावावा. ‘ऑल्ट’सोबत दाबायचे अक्षरही द्यावे; त्यासाठी मजकुरात त्या अक्षराआधी & लिहितात.

एका साधनातून दुसऱ्यात जाताना आकडे तपासून घ्यावे लागतात. क्यूटीमध्ये रिकाम्याला ० च आहे, पण १ म्हणजे अर्धवट आणि २ म्हणजे खूण. डॉट नेटच्या ‘चेकस्टेट’चे आकडे जसेच्या तसे साठवलेले कोष्टक क्यूटीच्या फॉर्मला जोडले, तर पीएफ लागू असलेले सगळे धूसर दिसतात आणि फॉर्म ११ न आलेले सगळे सदस्य ठरतात.