नोंद कोण ठेवतं?

सुट्टीत पेडगावला घरी आलो की रात्री फोनवर एखादा सिनेमा बघतो. या वेळी रायन कूगलरचा ‘फ्रूटव्हेल स्टेशन’ (२०१३) बघितला. १ जानेवारी २००९ च्या पहाटे अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये रेल्वे पोलिसांनी ऑस्कर ग्रँट या २२ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला फलाटावर पालथं पाडलं आणि एकाने त्याच्या पाठीत गोळी घातली. प्रवाशांनी ते मोबाइलवर टिपलं. सिनेमा त्याच खऱ्या चित्रणाने सुरू होतो. गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. कमीच, पण झाली.

सिनेमा संपला आणि ख्वाजा युनूस आठवला. परभणीचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय २७. जिल्हा माझाच, कामही माझंच, वयही जवळपास माझंच.

२ डिसेंबर २००२ ला घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात महिनाअखेरीस युनूसला अटक झाली. जानेवारीत पोलीस म्हणाले, औरंगाबादला नेताना पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. पण त्याच प्रकरणात अटकेत असलेल्या एका डॉक्टरने न्यायालयात वेगळंच सांगितलं: ६ जानेवारी २००३ ला कोठडीत युनूसला मारहाण होताना आणि तो रक्ताची उलटी करताना आपण पाहिलं. सीआयडीच्या तपासात पळून जाण्याची गोष्ट टिकली नाही. चौदा पोलिसांवर ठपका आला, पण खटल्याला सरकारची परवानगी मिळाली फक्त चौघांविरुद्ध. २००५ मध्ये स्फोटाच्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने युनूसच्या आईला, आसिया बेगम यांना, २० लाखांची भरपाई द्यायला सांगितली. निलंबित झालेले ते चौघे २०२० मध्ये पुन्हा नोकरीवर आले.

आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की आधी लॉग बघतात. ज्याच्यामुळे बिघाड झाला, लॉगही त्याच्याच हातात असेल तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? ठाण्याची डायरी पोलीसच लिहितात. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं, ते याच कारणाने.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली, बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड सुरू झाली. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. सुरुवातीला आजारपणाचं कारण पुढे आलं. शवविच्छेदनाचा अहवाल मात्र सांगत होता, अंगावर अनेक जखमा होत्या आणि त्यांच्याच धक्क्याने मृत्यू झाला. आई न्यायालयात गेली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला.

ओकलंडमध्ये चित्रण होतं. सोमनाथच्या आईजवळ निदान अहवाल होता. आसिया बेगम यांच्या हाती ना चित्रण आलं, ना अहवाल, ना मुलाचा देह. माती द्यायलासुद्धा काही उरलं नाही.