लग्नगडी

खेळगडी असतो तसा ‘लग्नगडी’ म्हणजे लग्नात सोबत करणारा कुणीतरी, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. मी माणिकपूरची, बंद दाराच्या इमारतीत वाढलेली, वाटणारच. महामार्गाच्या पलीकडे, पूर्वेच्या आदिवासी पाड्यांत या शब्दाचा अर्थ वेगळा होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. फिटायचे नाहीतच. बापाचं कर्ज मुलाकडे यायचं.

१९४५ साली डहाणू-तलासरी भागातल्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांसोबत या प्रथेविरुद्ध उठाव केला. संसदेने १९७६ मध्ये वेठबिगारी बंद करणारा कायदा केला. तरी ऐंशीच्या दशकात वसई तालुक्यातल्या दहिसर गावात (मुंबईचं दहिसर नव्हे) विवेक आणि विद्युल्लता पंडितांना वेठबिगार भेटलेच. १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. माणसं सुटू लागली.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. मला मात्र सुटकेनंतरचा पहिला पावसाळा महत्त्वाचा वाटतो. कायद्याने कर्ज संपतं. ते वेठबिगारीचं नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर असते. राहत्या झोपडीतून हाकलताही येत नाही. कागद पक्का आहे. पण आषाढात घरात तांदूळ नसतो, मजुरी नसते आणि उसनं धान्य देणारा गावात एकच असतो: ज्याच्या तावडीतून सुटलो तोच. नुसती सुटका करून पुनर्वसन केलं नाही, तर गरिबी माणसाला पुन्हा तिथेच ढकलते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये नीरजा चौधरी खटल्यात सांगितलं ते यासाठीच.

गावातली वेठ सुटली तरी वीटभट्टी होतीच. पावसाळ्यात उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून भट्टीवर जायचं. तिथल्या तात्पुरत्या खोपट्याला भोंगा म्हणतात. आईबाप विटा थापतात, पोरांची शाळा सुटते आणि मोठी झाली की तीच पोरं उचल घेतात. नव्वदच्या दशकात पंडितांच्या विधायक संसदेने शाळाच भट्टीवर नेली. भोंगाशाळा. सुटकेच्या बातमीपेक्षा मला हे काम मोठं वाटतं, कारण इथे साखळीची पुढची कडी तयार व्हायच्या आधीच तोडली जात होती.

त्याच दशकात आमच्या शेजारची इमारत बांधली जात होती. विटांच्या ट्रकवर बसून माझ्या वयाची एक मुलगी आली होती. विटा उतरेपर्यंत ती आमच्या फाटकाशी उभी होती. मी दप्तर घेऊन शाळेतून परत येत होते.