मेरीच्या डायरीतली तेरेसा

सुया आपल्या पैशाने, दोरा आपल्या पैशाने, पाच मिनिटं उशीर झाला की दंड. १९०९ सालच्या न्यूयॉर्कमधल्या ब्लाउज शिवणाऱ्या पोरींचं हे गाऱ्हाणं. मी तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करत होते, तेव्हा आमच्या पगारातूनही सुयांचे पैसे कापले जात. म्हणून त्या पोरींवर लिहिणारी तेरेसा मालकिएल मला लांबची वाटली नाही.

तेरेसा १८७४ची, रशियन साम्राज्यातल्या बार गावची. ते गाव आज युक्रेनमध्ये आहे. १८९१ साली तिचं ज्यू कुटुंब अमेरिकेत आलं आणि सतराव्या वर्षी पोरगी कारखान्यात बसली. पुढच्याच वर्षी लहान मुलांचे कोट शिवणाऱ्या बायकांची युनियन उभी करणाऱ्यांत ती होती. १९००मध्ये समाजवादी वकील लिऑन मालकिएलशी लग्न झालं आणि मशीन सुटलं, चळवळ मात्र सुटली नाही. अमेरिकेतल्या समाजवाद्यांनी २८ फेब्रुवारी १९०९ला पहिला महिला दिन पाळला, त्यामागे तिची खटपट होती. आपल्याकडे ८ मार्चला साड्यांवर सूट मिळते, त्याचं मूळ असं भलतीकडेच आहे!

१९०९च्याच नोव्हेंबरात न्यूयॉर्कमधले ब्लाउज शिवणारे वीस हजारांवर कामगार संपावर गेले. बहुतेक मुली, त्यातही पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू. तेरेसाने त्यावर १९१०मध्ये डायरीच्या रूपात कादंबरी लिहिली. पण डायरी लिहिणारी मेरी अमेरिकेतच जन्मलेली. ती संपात उतरते ती थोडी गंमत म्हणूनच. ज्यू पोरी तिला परक्या वाटतात, ठरलेला नवरा जिम तर संपावरच चिडलेला. कारखान्याच्या दारात पिकेटिंग करता करता मेरी त्याच पोरींकडून शहाणी होत जाते. तेरेसाने स्वतःची गोष्ट सांगितली असती, तर 'परदेशातून आलेली, कटकट करणारच' म्हणून लोकांनी ती मिटून ठेवली असती. मला ही युक्ती फार धूर्त वाटते. संपवाल्या पोरींना क्लबात चहाला बोलावणाऱ्या श्रीमंत बायकांनाही मेरी सोडत नाही. तिथे तेरेसाचाच आवाज चढलेला ऐकू येतो.

मार्च १९११मध्ये न्यूयॉर्कमधल्या ट्रायँगल या ब्लाउजच्या कारखान्याला आग लागली. दार कुलूपबंद होतं. १४६ माणसं गेली. कारखान्यांचे कायदे बदलले, त्याचं श्रेय काही जण या पुस्तकालाही देतात. मला ते पटत नाही. कायदे त्या मढ्यांनी बदलले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या दौऱ्यात तेरेसाने आपल्याच गोऱ्या कॉम्रेडांना काळ्या कामगारांपासून फटकून वागताना पाहिलं आणि समाजवादी पक्षाच्या बाजूच्या 'कॉल' या वृत्तपत्रात तसं लिहून टाकलं. आपल्या माणसांचं उणं छापायला मेरीचा आडोसा तिने घेतला नाही. १९२०मध्ये ती न्यूयॉर्क राज्याच्या विधानसभेला उभी राहून पडली. त्यानंतर ब्रुकलिनमध्ये बाहेरून आलेल्या प्रौढ बायकांना शिकवण्याचं आणि नागरिकत्व मिळवून देण्याचं काम तिने १९४९पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालवलं.