काळ आणि वेळ यांमधले अंतर

अपघातातून वाचलेल्या माणसाविषयी बोलताना मराठी माणूस हटकून म्हणतो, ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ या वाक्यातला ‘काळ’ म्हणजे यम आणि ‘वेळ’ म्हणजे ललाटी लिहिलेली नेमकी घटिका. या दोहोंमध्ये एक मोकळी जागा असते व ती दैवाच्या स्वाधीन असते, असे ही म्हण गृहीत धरते. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. ही जागा किलोमीटरांत आणि मिनिटांत मोजता येते. रस्ते, वाहने, दवाखाने आणि कायदे यांनी ती लहानमोठी केलेली असते. म्हणूनच तिचा इतिहासही लिहिता येतो. नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका हे त्याचे एक प्रकरण आहे.

गिरणेच्या खोऱ्यातला हा तालुका. पूर्वेकडे कांद्याची शेते, पश्चिमेकडे कोकणा आणि भिल्ल वस्त्यांचा डोंगराळ मुलूख, दक्षिणेला सप्तशृंगगड. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे; परंतु डोक्याला गंभीर मार लागला, तर सुमारे 80 किलोमीटरवरील नाशिक गाठावे लागते. पाड्यावरचा रुग्ण असेल, तर त्याआधी झोळी करून त्याला सडकेपर्यंत आणण्याचा प्रवास वेगळाच.

या परिसराने मोठे अपघात पाहिले आहेत. जानेवारी 2008 मध्ये सप्तशृंगगडाच्या घाटात भाविकांची बस दरीत कोसळून 40 हून अधिक माणसे गेली. 28 जानेवारी 2020 रोजी शेजारच्या देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ कळवणकडे येणारी एसटी बस आणि रिक्षा यांची धडक होऊन दोन्ही वाहने रस्त्याकडेच्या विहिरीत पडली. 26 जणांचा मृत्यू झाला. जुलै 2023 मध्ये गडाच्या घाटात पुन्हा एक एसटी दरीत गेली. अशा घटनांची नोंद वर्तमानपत्रे घेतात. बैलगाडीवरून पडलेला, विहिरीचे काम करताना घसरलेला, रात्री बांधावर सर्पदंश झालेला माणूस मात्र बहुधा नोंदीबाहेर राहतो. रोजचे धोके असे सुटेसुटे येतात म्हणून त्यांची बेरीज कोणी करीत नाही. ती केली की आकडे थक्क करतात: 2005 या एका वर्षात भारतात सर्पदंशाने सुमारे 46,000 मृत्यू झाले असावेत, असा अंदाज देशव्यापी मृत्युपाहणीतून 2011 मध्ये पुढे आला.

26 जानेवारी 2014 रोजी महाराष्ट्रात ‘108’ ही रुग्णवाहिका सेवा 937 गाड्यांनिशी सुरू झाली. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्येला या संख्येने भागले, तर एका गाडीच्या वाट्याला सुमारे 1 लाख 20 हजार माणसे येतात. ही सरासरी झाली. डोंगर सरासरी मानत नाही. एक गाडी एका रुग्णाला घेऊन नाशिकला गेली, की ती परत येईपर्यंत दुसऱ्याची ‘वेळ’ लांबते किंवा जवळ येते, हा हिशेब साधा आहे.

2020 आणि 2021 ही वर्षे या हिशेबाची कसोटी ठरली. करोनाच्या साथीत खाटा, प्राणवायू आणि रुग्णवाहिका या सर्वांचीच ओढाताण झाली. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिक शहरातील महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि प्राणवायूअभावी 22 रुग्ण दगावले. जिल्ह्याचे ठिकाणच असे हतबल असताना तालुक्याने कोणाकडे पाहावे? तेव्हा एक सल्ला जगभर दिला जात होता: दवाखान्यावरचा भार वाढेल असे काहीही करू नका, टाळता येण्याजोगा धोका पत्करू नका. सल्ला योग्यच होता. प्रश्न ‘टाळता येण्याजोगा’ या विशेषणाचा आहे. शेतीपंपाला वीज रात्री मिळत असेल, तर कांद्याला पाणी रात्रीच द्यावे लागते. अंधारात बांधावर पाय टाकणारा शेतकरी अविचारी नसतो. त्याच्या धोक्याचे वेळापत्रक दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते. त्या दोन वर्षी गडावरचा चैत्रोत्सव रद्द झाला, खानदेशातून पायी येणाऱ्यांची वाट सुनी राहिली. यात्रा थांबवता आली; पाण्याची पाळी थांबवता आली नाही.

एक धोका टाळताना दुसरा वाढतो, हेही इतिहासाला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी ब्रिटनने रस्ते अंधारात ठेवले आणि त्याच काळात तेथील रस्ते-अपघातांतील मृत्यू उच्चांकाला पोहोचले. 1941 मध्ये ते 9,169 होते. आपल्याकडे ऑक्टोबर 2021 च्या अखेरीपासून एप्रिल 2022 पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. ज्या गावांना एसटीवाचून आधार नव्हता, तेथील प्रवाशापुढे खच्चून भरलेली जीप, दुचाकी किंवा घरी बसणे एवढेच पर्याय उरले. त्याने निवड केली, असे म्हणणे हा भाषेचा उदारपणा झाला.

मग अंतर कमी होतच नाही काय? होते. महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग रुजवला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी जवळजवळ तीसांतले नऊ दगावत. ते प्रमाण अगदी अल्पावर आले. डोंगर हलला नाही, रस्ता रुंद झाला नाही. उपचार मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आला. तसाच दुसरा बदल कायद्याचा. जखमीला उचलणाऱ्यास पोलिसी चौकशीची भीती वाटे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने त्या संरक्षणाला कायद्यात कलम मिळाले. जेथे रुग्णवाहिका उशिरा पोहोचते, तेथे पहिला वैद्य वाटसरूच असतो.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे एक सुचवावेसे वाटते. कथाकार अपघाताचा उपयोग बहुधा कथानक वळवण्यासाठी करतो. घात होतो आणि पुढच्या परिच्छेदात आपण थेट स्मशानात किंवा रुग्णालयात असतो. मधला तास गाळलेला असतो. कोणी हाक मारली, कोणाची गाडी मिळाली, डिझेलचे पैसे कोणी दिले, हे त्या तासात घडते आणि समाजाची खरी रचना तेथेच उघडी पडते. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ हे वाक्य वाचलेल्याविषयीच बोलले जाते. जो वाचला नाही, त्याच्याबाबत ‘वेळ आली’ एवढेच म्हणून आपण मोकळे होतो. ती आली की आणली गेली, हा प्रश्न विचारणे हे इतिहासाचे काम आहे. आणि कळवणसारख्या तालुक्यात तो रोज विचारण्याजोगा आहे.