सुरीपासून शिक्षणापर्यंत

समागमातील वेदना हे स्त्रीचे प्राक्तनच, असे मानून समाज शतकानुशतके गप्प बसला. १८६१ साली अमेरिकन शस्त्रवैद्य मॅरियन सिम्स यांनी लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे तिच्या एका प्रकाराला ‘व्हजायनिस्मस’ हे नाव दिले. पण उपाय सांगितला तो सुरीचा. याच सिम्सनी १८४० नंतरच्या दशकात अलाबामातील गुलाम स्त्रियांवर, अन्य विकारासाठी, भूल न देता शस्त्रक्रियेचे प्रयोग केले होते. भोगणाऱ्याला न विचारता ठरवलेला उपाय कसा असतो, हे आम्ही कामगार चळवळीतली माणसे ओळखतो. पुढे उमगले की, कटितळाचे स्नायू पुष्कळदा भीतीने आपोआप आवळतात. म्हणून आज जंतुसंसर्गादी कारणे तपासून, श्वासाच्या साहाय्याने ते सैल सोडण्यास शिकवतात. वेग रुग्ण स्त्रीच ठरवते. मित्रहो, वेदना सोसणे हा स्त्रीधर्म नव्हे. ती बोलून दाखवणे हा तिचा हक्क आहे.