वस्तीतील वस्तुसंग्रहालय आणि सार्वजनिक निधी : ॲनाकॉस्टियाचा इतिहास

वस्तुसंग्रहालयाचे दार विनामूल्य खुले ठेवले म्हणजे ज्ञान सर्वांना उपलब्ध झाले, असा एक समज सुशिक्षित वर्गात दीर्घकाळ रूढ आहे. दार उघडे असतानाही जो आत येत नाही त्याला ज्ञानाची आवड नाही, असा निष्कर्षही मग सहजच काढला जातो. या समजाची आणि निष्कर्षाची परीक्षा अमेरिकेच्या राजधानीत १९६७ साली जितक्या स्पष्टपणे झाली, तितकी ती अन्यत्र क्वचितच झाली असेल. गरीब वस्त्यांतील लोकांच्या शिक्षणासाठी वस्तुसंग्रहालयांनी काय करावे, त्याचा खर्च कोणी सोसावा आणि खर्च सोसणाऱ्याने किती हुकूम चालवावा, हे तिन्ही प्रश्न त्या इतिहासात एकत्र आलेले आहेत. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही तो काहीशा विस्ताराने मांडत आहोत.

स्मिथ्सोनियन ही संस्था जेम्स स्मिथ्सन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या मृत्युपत्रातून उभी राहिली. १८२९ साली वारलेल्या या गृहस्थाने अमेरिका कधी पाहिलीही नव्हती. त्याच्या देणगीचा स्वीकार करून अमेरिकेच्या काँग्रेसने १८४६ साली कायदा केला आणि ज्ञानाची वृद्धी व प्रसार हा संस्थेचा हेतू ठरवला. वृद्धीचे कार्य उत्तम झाले. प्रसाराचे मात्र तसे म्हणता येत नाही. वॉशिंग्टनच्या मध्यभागी 'मॉल' नावाच्या विस्तीर्ण मैदानाभोवती संस्थेची भव्य संग्रहालये उभी राहिली. त्यांना प्रवेशशुल्क नव्हते. १९६० च्या जनगणनेनुसार या शहरातील निम्म्याहून अधिक लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. परंतु या दालनांतून हिंडणाऱ्यांत कृष्णवर्णीय चेहरा विरळाच दिसे.

ही विसंगती ज्यांच्या ध्यानी आली ते डिलन रिप्ली १९६४ साली संस्थेचे सचिव झाले होते. रिप्ली पक्षिशास्त्रज्ञ होते. भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरील दहा खंडांच्या सुप्रसिद्ध ग्रंथाचे, मुंबईच्या सालिम अलींसोबतचे सहलेखक म्हणून आपल्याकडील काही वाचकांना त्यांचे नाव परिचित असेल. लोक संग्रहालयाकडे येत नसतील तर संग्रहालयाने लोकांकडे जावे, असा विचार त्यांनी १९६६ च्या सुमारास मांडला. पालीच्या अभ्यासकाला येथे दोन शब्द आठवल्यावाचून राहत नाहीत : 'एहिपस्सिक' आणि 'चारिका'. पहिल्यात 'या आणि पाहा' हे निमंत्रण आहे, दुसऱ्यात पायी लोकांपर्यंत जाणे आहे. पहिल्यावर संतुष्ट राहिलेली संस्था दुसऱ्याकडे वळू पाहत होती.

स्थळ म्हणून ॲनाकॉस्टिया निवडले गेले. शहराच्या आग्नेय भागात, त्याच नावाच्या नदीपलीकडे ही वस्ती आहे. तिचा इतिहास मोठा बोलका आहे. १८५४ साली येथे 'युनियनटाउन' या नावाने एक उपनगर आखले गेले आणि तेथील जमीन कृष्णवर्णीयांना विकू नये, अशी अट खरेदीखतातच घालण्यात आली. १८७७ साली फ्रेडरिक डग्लस यांनी तेथील टेकडीवरचे 'सीडर हिल' हे घर विकत घेतले. गुलामगिरीतून निसटून आलेला हा थोर पुरुष १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. त्याआधी, १८६७ साली, यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांसाठी शासनाने जवळच 'बॅरी फार्म' येथे जमीन घेऊन तिचे तुकडे त्यांना विकत दिले. दिवसा शहरात मजुरी करावी आणि रात्री कंदिलाच्या उजेडात स्वतःचे घर बांधावे, अशा रीतीने ती वसाहत उभी राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास नैर्ऋत्य वॉशिंग्टनमधील जुन्या वस्त्या 'नगर-नवीकरण' या गोंडस नावाखाली पाडल्या गेल्या. उठवलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी अनेकांनी नदी ओलांडली, तर गोरी कुटुंबे उपनगरांकडे निघून गेली. १९६० नंतरच्या दशकात ॲनाकॉस्टिया ही गरीब, दाट आणि दुर्लक्षित वस्ती बनली होती. तिच्यापासून मॉल काही मैलांवरच होता. पण हे अंतर मैलांत मोजण्याजोगे नव्हते.

येथील रहिवाशांनी स्वतःहून या योजनेचा पाठपुरावा केला, ही गोष्ट रिप्ली यांच्या औदार्याची कथा सांगणारे बरेचदा विसरतात. स्थानिक संघटनांनी संग्रहालय आपल्याकडे यावे म्हणून आग्रह धरला. सल्लागार समिती रहिवाशांची बनली. संचालक म्हणून जॉन किनार्ड या तिशीच्या धर्मोपदेशकाची निवड झाली. वॉशिंग्टनमध्येच जन्मलेल्या किनार्ड यांनी पूर्व आफ्रिकेत समाजकार्य केले होते. संग्रहालयशास्त्राचे शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नव्हते. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी बांधलेले व पुढे बंद पडलेले 'कार्व्हर थिएटर' हे चित्रपटगृह घेण्यात आले. वस्तीतील तरुणांनी ते साफ करण्यास हातभार लावला आणि १५ सप्टेंबर १९६७ रोजी 'ॲनाकॉस्टिया नेबरहूड म्युझियम' उघडले.

आरंभी आत काय होते? अंतराळयानाची एक प्रतिकृती होती, १८९० सालच्या ॲनाकॉस्टियातील दुकानाचे हुबेहूब दालन होते, मुलांनी स्वतः जुळवावेत असे हाडांचे सांगाडे होते, बाहुल्यांचा रंगमंच आणि छोटेसे प्राणिसंग्रहालयही होते. 'हात लावू नये' ही पाटी येथे नव्हती. वरिष्ठांची अपेक्षा अशी होती की, येथे गोडी लागली की ही मंडळी मॉलवरच्या खऱ्या संग्रहालयांकडे वळतील. म्हणजे वस्तीतील संग्रहालय ही एक पायरी, आणि मंदिर दुसरीकडेच! किनार्ड यांनी ही कल्पना हळूहळू बाजूला सारली. वस्तीच्या अनुभवालाच त्यांनी प्रदर्शनाचा विषय केले.

या दृष्टीने १९६९ सालचे उंदरांविषयीचे प्रदर्शन विशेष महत्त्वाचे आहे आणि त्याची पार्श्वभूमी संग्रहालयात नव्हे, तर काँग्रेसच्या सभागृहात शोधावी लागते. २० जुलै १९६७ रोजी, म्हणजे हे संग्रहालय उघडण्याच्या दोन महिने आधी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुरस्कारलेले एक विधेयक प्रतिनिधिगृहापुढे आले होते. गरीब वस्त्यांतील उंदीर-घुशींच्या निर्मूलनासाठी दोन वर्षांत ४ कोटी डॉलर खर्चण्याची तरतूद त्यात होती. सभासदांनी त्यावर कोट्या केल्या, सभागृहात हशा पिकला आणि २०७ विरुद्ध १७६ मतांनी विधेयकावर चर्चा करण्याचेही नाकारले गेले. ज्यांच्या पाळण्यातल्या मुलांना रात्री उंदीर चावत होते त्यांच्या व्यथेवर लोकप्रतिनिधी खदखदून हसले, ही वार्ता देशभर गेली. जनमताचा रोष ओढवल्यावर त्याच वर्षी एका आरोग्यविषयक कायद्यात या कामासाठी निधीची सोय करण्यात आली, हेही नमूद केले पाहिजे.

दोन वर्षांनी ॲनाकॉस्टियाच्या संग्रहालयात येणाऱ्या मुलांच्या बोलण्यातून तोच विषय पुढे आला. घरातले उंदीर हा त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होता. शिक्षणविभाग सांभाळणाऱ्या झोरा मार्टिन फेल्टन आणि त्यांचे सहकारी यांनी ते बोलणे टाळले नाही. 'उंदीर : मानवाने ओढवून घेतलेली आपत्ती' अशा आशयाच्या नावाने प्रदर्शन भरवण्यात आले. जिवंत उंदीर काचेआड, घरामागच्या परसासारख्या देखाव्यात ठेवले होते. उंदीर कसा जगतो, किती वेगाने वाढतो, कोणते रोग पसरवतो, उघड्या कचऱ्याशी आणि मोडक्या घरांशी त्याचे नाते काय, त्याला आळा कसा घालावा, हे सारे तेथे समजावून दिले होते. प्राणिशास्त्र, आरोग्यशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांची अशी सांगड शाळेच्या पुस्तकात कोठे आढळणार? दुर्मीळ वस्तूंचा संग्रह नसलेल्या या संस्थेला संग्रहालय म्हणावे काय, अशी शंका संग्रहालयांच्या जगात घेतली गेली. आमच्या मते ही शंका प्रामाणिक होती, परंतु अपुरी होती. राजाची तलवार पाहून जितके इतिहासाचे ज्ञान होते, त्याहून अधिक ज्ञान आपल्या गल्लीतील कचरा का उचलला जात नाही हे समजल्याने होते.

यानंतर प्रदर्शनांची मालिकाच सुरू झाली. लॉर्टन येथील तुरुंगावरील प्रदर्शन १९७० चे. 'एका समाजाची उत्क्रांती' अशा अर्थाचे १९७२ चे प्रदर्शन वृद्ध रहिवाशांच्या तोंडी आठवणींवर उभारले होते. ज्यांच्याविषयी दप्तरात फारसे काही लिहिलेले नाही त्यांचा इतिहास त्यांच्याच मुखातून टिपण्याची ही पद्धत आज सर्वत्र मान्य झाली असली, तरी तेव्हा नवी होती. किनार्ड यांचे विचार १९७१ साली आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या फ्रान्समधील अधिवेशनात मांडले गेले. पुढील वर्षी चिलीतील सांतियागो येथे भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीतही संग्रहालयाने समाजाच्या प्रश्नांशी बांधील असावे, हा विचार पुढे आला.

आता पैशाकडे वळू. आरंभीची वर्षे खाजगी देणग्या आणि स्मिथ्सोनियनचा स्वतःचा निधी यांवर निभावली. नंतर संघीय अनुदानाचा आधार मिळाला. या काळात अमेरिकेत संग्रहालये आणि शासन यांचे नातेच बदलत होते. १९६५ च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षणविषयक कायद्याने संग्रहालयांच्या शालेय उपक्रमांना प्रथमच मोठ्या प्रमाणावर संघीय पैसा मिळू लागला. १९६८ च्या 'बेलमाँट अहवाला'ने संग्रहालये शिक्षणाचे काम करतात, म्हणून त्यांना शासनाने साहाय्य करावे, असे प्रतिपादन केले. १९७६ च्या कायद्याने संग्रहालयांना अनुदान देणारी स्वतंत्र संघीय संस्था स्थापन झाली. रेगन यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच ती बंद करण्याचा प्रस्ताव आला. काँग्रेसने ती टिकवली. १९९६ साली तीत ग्रंथालयांचाही समावेश झाला. २०१४ पासून या संस्थेच्या पुढाकाराने 'सर्वांसाठी संग्रहालये' अशा अर्थाचा उपक्रम चालू झाला. त्यात शासकीय अन्नसाहाय्याचे कार्ड दाखवणाऱ्या कुटुंबास विनामूल्य अथवा कमाल ३ डॉलर शुल्कात प्रवेश मिळतो. उपक्रम स्तुत्य आहे. तथापि मॉलवरची विनामूल्य दारे पाहिलेल्या इतिहासाचा अनुभव असा की, शुल्क हा अडथळ्यांपैकी एक आहे आणि बहुधा सर्वांत मोठा नव्हे.

शासकीय निधीने स्थैर्य दिले, त्याची किंमतही घेतली. १९८७ साली संग्रहालय रहदारीच्या रस्त्यावरील चित्रपटगृह सोडून फोर्ट स्टँटन उद्यानातील नव्या वास्तूत गेले. वस्तू जतन करण्यास योग्य अशी ती जागा होती. पण बाजारहाट करताना सहज डोकावण्याची सोय सरली. नावातील 'नेबरहूड' हा शब्दही त्याच सुमारास गळाला. २००६ साली 'कम्युनिटी' हा शब्द नावात आला. १९८९ मध्ये किनार्ड वारले.

आपल्याकडील स्थितीशी तुलना करण्याचा मोह येथे आवरत नाही. मुंबईत राणीच्या बागेशेजारचे, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले आणि पुढे महापालिकेच्या व्यवस्थेखाली आले. गिरणगावाच्या वेशीवर असल्यामुळे कामगार कुटुंबे सुटीच्या दिवशी प्राणी पाहून झाल्यावर तेथेही शिरत. मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज यांनी १९३६ साली भारतातील संग्रहालयांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हाही सामान्य जनांच्या लेखी संग्रहालय म्हणजे 'अजबघर' होते. लोक येत होते, पण आलेल्यांना शिकवण्याची जबाबदारी कोणाची, हे अंदाजपत्रकात कोठे लिहिलेले नव्हते. या बाबतीत मोठा अपवाद विज्ञान संग्रहालयांचा. कलकत्त्याच्या बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालयाने १९६५ साली, म्हणजे ॲनाकॉस्टियाच्याही दोन वर्षे आधी, प्रदर्शने बसमध्ये घालून ग्रामीण शाळांकडे नेण्यास प्रारंभ केला, आणि तोही शासनाच्या पैशाने. इतिहास आणि पुरातत्त्व यांच्या संग्रहालयांनी तो धडा त्याच वेळी का घेतला नाही, याचा शोध कोणी तरुण अभ्यासकाने जरूर घ्यावा. सोपाऱ्याचा स्तूप आणि कान्हेरीची लेणी ज्या महानगराच्या परिसरात आहेत, तेथील नगरपालिकांच्या शाळांतील मुलांना ती दाखवण्याचा बसखर्च कोणत्या शीर्षाखाली पडतो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

अमेरिकेत १४ मार्च २०२५ रोजी निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशात संग्रहालयांना व ग्रंथालयांना अनुदान देणारी पूर्वोक्त संस्था कायद्याने अनिवार्य असेल तितक्याच मर्यादेपर्यंत आक्रसावी, असे फर्मावले गेले. चालू अनुदाने रद्द झाली आणि राज्ये न्यायालयात गेली. त्याच वर्षी शासनाने काँग्रेसपुढे ठेवलेल्या पुढील आर्थिक वर्षाच्या प्रस्तावात ॲनाकॉस्टियाच्या संग्रहालयासाठी तरतूदच नव्हती. मॉलवर २०१६ साली आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृतीचे भव्य राष्ट्रीय संग्रहालय उघडले आहे. त्यामुळे नदीपलीकडच्या छोट्या संस्थेची आता गरज काय, असे विचारणाऱ्यांना एक युक्तिवाद हाती मिळतो. नदी मात्र पूर्वी होती तेथेच आहे, आणि १९६७ साली ती ओलांडावी लागली ती मॉलवर संग्रहालयांचा तुटवडा होता म्हणून नव्हे.